बर्फाखालची मोंगरी

बाबा, यंदा मी पुन्हा मोंगरी धरली. म्हणजे माझ्या हातात गळ नव्हता आणि समोर तलावही नव्हता. मी रायपूरकडे, रिसालीच्या घरात ओट्याजवळ स्टुलावर बसून तिवऱ्याची पालेभाजी निवडत होते, आणि मासा होता तिकडे कॅनडात, एका गोठलेल्या तलावाच्या तळाशी. गळ तुमच्या नातवाच्या हातात होता. हे तुम्हाला सांगितल्याशिवाय राहवणार नाही असं वाटलं, म्हणून लिहायला बसले. तुम्हाला जाऊन वीस वर्षांच्या वर झाली. एवढ्या काळात मी तुम्हाला कधी काही लिहिलं नाही. तुम्ही होतात तेव्हाही लिहायची वेळ आली नाही, कारण आपण जवळच राहत होतो, आणि तसंही आपल्या घरात फार बोलायची पद्धत नव्हती.

आधी नातवाचं सांगते. तुम्ही गेलात तेव्हा तो नुकता शाळेत जायला लागला होता. आता चांगला उंच झालाय, तुमच्यासारखाच पुढे वाकून चालतो. इंजिनिअर झाला आणि दोन वर्षांपूर्वी कॅनडाला गेला. पहिल्या हिवाळ्यात रोज फोन करायचा. खिडकीतून बर्फ दाखवायचा, बूट दाखवायचा, भात गचका गोळा झाला तर तोही दाखवायचा. यंदा दिवाळीपासून हे सगळं बंद झालं. मी फोन केला तर उचलायचा, पण चेहरा दिसू द्यायचा नाही. जेवलास का? हाव. ऑफिस कसं आहे? ठीक. थंडी? आहे. दुपारी झोपून उठलेल्या माणसासारखा आवाज, आणि तोही दिवसाच्या कुठल्याही वेळी तसाच. मला कळून चुकलं की पोरगा तिकडे एकटा खचत चाललाय आणि मला सांगत नाहीये. तो हातचा जाईल की काय, ही एकच भीती मनात धरून मी शाळेत तास घेत होते, घरी स्वयंपाक करत होते.

ह्यांना सांगून पाहिलं. पेपरातून डोकं वर न काढता म्हणाले, "अवं, बिझी असते पोरगा. तू कावून जीव जाळून राहिली?"

"आवाज ऐका ना एकदा त्याचा."

"मग सीधं विचार ना त्याले. तुयाच पोटचा आहे."

हेच मला जमत नव्हतं. विचारलं आणि त्यानं "काही नाही" म्हटलं, तर पुढे काय बोलायचं? शिवाय मी तुमची मुलगी. माणसाला काय झालंय हे विचारायचं नसतं, तो सांगेपर्यंत त्याच्याजवळ बसायचं असतं, हे मी तुमच्याकडून शिकले होते आणि त्यावर माझा पूर्ण भरवसा होता. फक्त बसायचं कुठं, हा प्रश्न होता. तो इतक्या लांब.

मग जानेवारीतल्या एका रविवारी, सकाळी चहा ठेवला असताना, त्याचा फोन आला, आणि चक्क चेहऱ्यासकट. डोक्यावर कानटोपी, दाढी वाढलेली, मागे निळ्या कापडाचा तंबू आणि वर टांगलेला दिवा. आपल्याकडे सकाळ होते तेव्हा तिकडे संध्याकाळ असते. "आई," तो म्हणाला, "आजोबा वो गरी में क्या लगाते थे? मोंगरीसाठी?" मी गॅस बंद केला. तो गोठलेल्या तलावावर बसला होता, बाबा. पाण्यावर, म्हणजे बर्फावर, तंबू ठोकून. त्याच्या ओळखीचा कुणी ते गाव सोडून गेला, जाताना हा तंबू, हातभर लांबीची गळाची काडी आणि बर्फात भोक पाडायचं एक मोठं गिरमिट याला देऊन गेला. त्यानं फोन खाली करून भोक दाखवलं. आपल्या जुन्या तव्याएवढं असेल. आत काळं पाणी. त्या तलावात आपल्या मोंगरीसारखा मिशांचा मासा आहे म्हणे, कॅटफिश. "खूप दिवस झाले, काही लागतच नाही," तो म्हणाला. मी म्हटलं, "थांब, मी सांगते." कितीतरी आठवड्यांनी त्यानं मला काही विचारलं होतं, आणि नेमकं जे मला येतं तेच.

मग मला तुमचा डबा आठवला. तुम्ही पोलाद कारखान्यात ब्लास्ट फर्नेसला होतात. रात्रीची सी शिफ्ट सुटली की बाकीचे लोक घरी जाऊन झोपायचे, तुम्ही सायकलला बांबूची काडी बांधून उतईच्या वाटेवरच्या तलावाकडे निघायचात. तेही थंडीतच जास्त. पावसाळ्यात मोंगरी कोणीही धरते, तुम्ही म्हणायचात, तेव्हा ती शेतात येते, नालीत येते, रस्त्यावरसुद्धा सरपटते. थंडीत ती चिखलात जाऊन बसते, खायची इच्छा नसते तिला, मग उठवायचं तर वास पाहिजे. त्या वासाचा तुमचा डबा होता, दूध पावडरचा जुना टिनाचा, कोंबडीच्या आतड्यांनी भरलेला आणि उन्हात मुरवलेला. क्वार्टरच्या मागच्या दारात तुम्ही उभे आहात, डबा हातात आहे, आणि आई उंबऱ्यावर वाट अडवून उभी आहे. "हा डबा घरात आला न, तर मी गोंदियाले चालली जाईन. सांगून ठेवते." तुम्ही शांतपणे म्हणता, "मासा खाताना तर तुले चालते." आणि आई म्हणते, "मासा खाते मी. डबा नाही खात." तुम्ही हसत नाही, पण वळताना तुमचे खांदे हलतात. हे मी नातवाला सांगितलं तेव्हा तो म्हणाला की इथे कोंबडीची आतडी मिळत नाहीत, कलेजी मिळते. मी म्हटलं, कलेजी घे आणि तंबूत उबेला ठेव दोन दिवस. "आई, तंबूत मी पण असतो," तो म्हणाला.

मला तो तलाव कधी विसरता येणार नाही. मी बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला होते आणि माझं लग्न मोडलं होतं. साखरपुडा झाला होता, पत्रिका छापून आल्या होत्या, आणि मुलाकडच्यांनी दुसरीकडे ठरवून टाकलं. आपल्या गल्लीत प्रत्येक दारातून एकच प्रश्न यायचा. "कावून मोडलं वं?" "काही सांगतलं का त्याहीनं?" भाजी घ्यायला गेले तरी, पाणी भरायला गेले तरी. मी कॉलेज सोडून घरात बसले. आतल्या खोलीत भिंतीकडे तोंड करून पडून राहायचे. आई रडायची, मामा येऊन त्या लोकांना शिव्या देऊन जायचे, आणि तुम्ही काहीच म्हणत नव्हतात. मग एका सकाळी शिफ्टवरून आलात, अंगावर अजून भट्टीचा वास, आणि दारातूनच म्हणालात, "चाल."

"कुठं?"

"तलावावर. सुटर घाल."

मी सायकलच्या मागे कॅरियरवर बसून गेले. धुकं इतकं की रस्त्याच्या कडेची झाडं जवळ आल्यावरच दिसायची. तलावाच्या पाळीवर आठ-दहा माणसं उकिडवी बसलेली, घोंगडी पांघरून, प्रत्येकापुढे एक काडी. सगळे पुरुष. एकानं मला पाहून तुम्हाला विचारलं, "कस ग, नोनी ला घलो ले आय हस?" पोरीलापण घेऊन आलास का, असं. तुम्ही त्याच्याच बोलीत उत्तर दिलंत, "हव. घर मा बइठे-बइठे काय करही?" सगळे पुन्हा आपापल्या काडीकडे वळले. मला बसायला तुम्ही पोतं अंथरलंत, थर्मासच्या झाकणात चहा दिलात आणि पाण्यात गळ सोडलात. त्यानंतर घरी यायला निघेपर्यंत आपण बहुतेक काहीच बोललो नाही.

तिथं एक रीत होती, ती मला ठाऊक नव्हती. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी शेजारच्या म्हाताऱ्याला मी सहज विचारलं, "काका, किती मिळाले?" सगळ्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं. म्हाताऱ्यानं टोपली स्वतःकडे ओढली. तुम्ही मला आवाज न चढवता, पण असं बोललात की कान गरम झाले. "इथं किती म्हणून नाही विचारत. पाणी कसं आहे, एवढंच विचारत असतेत. ज्याले सांगायचं थो सांगते." नंतर मी ऐकलं, खरंच तसंच चालायचं. पाणी कसं आहे? जड आहे. म्हणजे काही लागलं नाही. पाणी हललं म्हटलं की समजायचं टोपलीत काहीतरी आहे. रिकाम्या टोपलीवाल्याला रिकामी म्हणायची पाळी येत नसे. गल्लीतल्या त्या प्रश्नांतून सुटून मी जिथे आले होते तिथे कोणालाच काही विचारायची परवानगी नव्हती. म्हणूनच तुम्ही मला तिथे आणलं, हे मला तेव्हाच कळलं होतं.

पुढच्या रविवारी तुम्ही माझ्यासाठी वेगळी काडी केलीत. बांबू वाकडा होता, तो सिगडीवर शेकून शेकून गुडघ्यावर सरळ केलात, माझ्या खांद्याशी लावून पाहिलात आणि वरून वीतभर कापलात. टोकाला लाल दोरा गुंडाळलात. "घे," एवढंच म्हणालात. मुलीला काडी देणारा बाप आपल्या ओळखीत दुसरा नव्हता. मग तुम्ही मला बुडबुडे बघायला शिकवलंत. मोंगरी मासा असूनही हवा घेते, वर येऊन तोंड उघडते आणि खाली जाते, पाण्यावर एक गोल उमटतो. थंडीत ती क्वचित येते, पण येते. तो गोल जिथे दिसेल तिथे गळ टाकायचा. मला हे लवकर जमलं. महिना-दीड महिना आपण गेलो असू. एका सकाळी कुणी काही न विचारता मी म्हटलं, "बाबा, मले एम.एस्सी. करायची आहे. रायपूरले." तुम्ही म्हणालात, "कर." आणि लगेच, "काडी पाय, हलून राहिली." मी तेवढ्या एका शब्दावर रायपूरला गेले, शिकले, परत येऊन शाळेत केमिस्ट्री शिकवायला लागले. नंतर लग्नही झालं, चांगलं झालं.

तर नातवाला मी तुमचंच शिकवलं, आणि बाबा, तिथे आपण दोघंही फसलो. मी त्याला समजावून सांगितलं, "मोंगरीले हवा लागते. आता पूर्ण तलावावर झाकण बसलं आहे न बर्फाचं? मग तिनं श्वास घ्यायले यायचं कुठं? तुया भोकाशीच. गळ वरच ठेव, हातभर खाली. आपोआप येते."

"लॉजिक तो सही है," तो म्हणाला.

मलाही ते इतकं बरोबर वाटत होतं की मी शाळेतही त्याच विचारात असायचे. आता रोज सकाळी फोन यायला लागला होता. तिकडे तो तंबूत, इकडे मी ओट्याशी. मी विचारायचे, "पाणी कसं आहे?" पहिल्यांदा विचारलं तेव्हा तो म्हणाला, "पाणी? आई, इथं पाणी बघायलाच गिरमिट लागते." मग मी त्याला तलावाची रीत सांगितली. त्याला ती फार आवडली. "म्हणजे किती मिळाले हे सांगायचंच नाही? बढिया. मग मी तर झीरोवर पण आरामात बसू शकतो." पाणी रोज जडच होतं. दिवसामागून दिवस त्यानं गळ वर धरून ठेवला, मीही धीर देत राहिले, आणि भोकाशी कोणी म्हणून आलं नाही.

मग एका सकाळी फोन लागताच तो म्हणाला, "आई, आजोबा फेल." पलीकडच्या तंबूतला एक म्हातारा याच्याकडे काडेपेटी मागायला आला होता आणि गळ इतका वर बघून हसायला लागला होता. तिकडचा हा मासा हवा घेतच नाही म्हणे. मिशा तशाच, अंगावर खवले नाहीत तेही तसंच, पण श्वास पाण्यातलाच. सगळा हिवाळा तलावातल्या सगळ्यात खोल खड्ड्यात, एकमेकांना चिकटून, जवळजवळ न हलता पडून राहतो. तोंडासमोर चारा नेला तर खाल्ला तर खाल्ला. "मी इतके दिवस छताले चारा लावून राहिलो," तुमचा नातू म्हणाला, "आणि त्या सगळ्या तळघरात झोपून आहेत!" असं म्हणून तो हसला. बाबा, दिवाळीनंतर पहिल्यांदा मी त्याचं हसणं ऐकलं. तुमची माझी विद्या खोटी पडली याचं मला काहीच वाटलं नाही. आपल्या मोंगरीसाठी ती खरीच आहे. ती फक्त तिकडच्या माशाला कुणी सांगितली नव्हती.

त्यानं तंबू हलवला, खोल जागी भोक पाडलं, गळ पार तळापर्यंत सोडला. आता हलवायचं नाही, बसायचं. हे तर मला येतच होतं. मला वाटलं, आता तलाव मिळाला, आता मी तुमच्यासारखी बसते, तो आपण होऊन बोलेल. मी फोन मिठाच्या बरणीला टेकवून ठेवला आणि गप्प बसले. थोड्या वेळानं तिकडून आवाज आला, "हॅलो? आई? आवाज येऊन राहिला का?" मी म्हटलं, "येऊन राहिला." पुन्हा गप्प. पुन्हा, "हॅलो?" मग त्यानं फोन बंद करून परत लावला. "नेटवर्क गेलं होतं?"

"नाही रे. मी बसली होती."

"काय करून राहिली होती?"

"काही नाही. बसली होती."

"फोन चालू ठेवून?" त्याला काही कळेना. मग खरंच नेटवर्क गेलं आणि त्या दिवशी त्यानं पुन्हा फोन केला नाही.

त्या दिवशी शाळेत मी मुलांना काय शिकवलं मला आठवत नाही. दिवसभर एकच गोष्ट कळत होती. तलावावर तुम्ही गप्प होतात तेव्हा तुम्ही तिथे होतात. तुमचं सुटर माझ्या कोपराला लागत होतं, बिडीचा वास येत होता, चहाचं झाकण हातातून हातात जात होतं. तुम्ही काही विचारत नव्हतात तरी तुम्ही गेला नाहीत हे मला दर क्षणी ठाऊक होतं. फोनमधल्या गप्प बसण्यात यातलं काहीच नसतं. तिकडच्या माणसाला वाटतं, इकडे कुणी राहिलंच नाही. मी त्याच्याजवळ बसले आहे असं मला वाटत होतं, आणि त्याला वाटत होतं फोन कटला. इतके आठवडे हेच चाललं होतं. मी तुमची पद्धत घेऊन बसले होते आणि तो तिकडे हॅलो हॅलो करत होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचा फोन आला. गळ खाली होता. मी म्हटलं, "तू बरा आहेस का?"

"हाव. आज थंडी कमी आहे."

"थंडीचं नाही विचारून राहिली मी. तू बरा आहेस का?"

त्यानं कानटोपी खाली ओढली. या वेळी हॅलो कुणीच म्हटलं नाही. मी फक्त बरणीजवळ वाकून त्याच्या तोंडाकडे बघत राहिले, म्हणजे त्याला माझं तोंड मोठं दिसेल. मग तो म्हणाला, "नाही, आई."

आणि त्यानं सांगितलं. दिवाळीच्या आधीच नोकरी गेली होती. त्याचा सगळा विभागच बंद केला. सोबत राहणाऱ्या मुलांना कळू नये म्हणून तो रोज सकाळी डबा भरून निघायचा आणि संध्याकाळपर्यंत वाचनालयात बसून अर्ज करायचा. उत्तर यायचं नाही, किंवा नको म्हणून यायचं. मग डबा भरणं बंद झालं. मग काही दिवस अंथरुणातून उठणंही बंद झालं. तंबूत बसायला आवडतं, कारण तिथे कोणी काही विचारत नाही, असं म्हणाला. मी भाजी मांडीवर तशीच धरून ऐकत होते. मला रडू आलं नाही. उलट इतक्या दिवसांनी अंग हलकं झालं, कारण आता मला कळलं होतं काय आहे ते, आणि जे आहे ते माझ्या भीतीपेक्षा लहान होतं. मी म्हटलं, "यायचं असन तर ये, आजच तिकीट काढ. राहायचं असन तर राह. कोणाले तोंड दाखवायचा प्रश्न नाही. पण मले सांगत जा. मी..."

"आई, थांब."

"काय झालं?"

"थांब थांब थांब!" आणि फोन आडवा झाला. मला निळं छत आणि डोलणारा दिवा दिसत होता, आणि खालून आवाज येत होते. "अबे... अरे बाप रे... आई, पाहून राहिली का?"

"मले छत दिसून राहिलं रे!" मी उभी राहून ओरडले. "एकदम ओढू नको! दोरी ढिली दे, मग घे! आणि पंखाले हात लावू नको, काटा असते तिले!"

हे गालावर साबण तसाच घेऊन धावत आले. "काय झालं? कोण पडलं?"

"कोणी नाही पडलं. मासा लागला."

"कुठं?"

"कॅनडात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, फोनमधल्या छताकडे पाहिलं, आणि दाढी अर्धी ठेवून तिथेच खुर्ची ओढून बसले. मग फोन सरळ झाला. बर्फावर मासा होता, हाताच्या कोपरापर्यंत लांब, आपल्या मोंगरीसारखा काळा नाही, राखाडी, पण मिशा अगदी त्याच. तुमच्या नातवाचे डोळे लाल होते आणि तो हसत होता. "मोंगरीची चुलत बहीण आहे," तो म्हणाला. मग विचारलं, "सोडू का खाऊ?"

मी विचारलं, "नीट जेवला कधी होतास?" तो आठवायला लागला. मी म्हटलं, "मग खा."

खोलीवर जाऊन त्यानं पुन्हा फोन लावला. मी शाळेत उशिरा येते म्हणून कळवलं. मीठ-हळद चोळून वरचा बुळबुळीतपणा कसा काढायचा ते सांगितलं. मोहरी वाट म्हटलं, तर म्हणे मोहरी नाही. कपाटात शोधून एक पिवळी बाटली काढली. "बर्गरवर लावायची आहे, चालेल?" आईनं हे ऐकलं असतं तर तिनं डब्याला माफ केलं असतं. मी म्हटलं, चालव. भात झाला, रस्सा झाला. त्यानं पहिला घास खाल्ला आणि म्हणाला, "आजीसारखा नाही झाला." मी म्हटलं, "कसा होईन?" पण ताट त्यानं बोटानं पुसून खाल्लं, आणि ते मी शेवटपर्यंत पाहिलं.

वडिलांना त्यानं स्वतःच सांगितलं. हे म्हणाले, "अबे, इतनीशी बात?" आणि फोन माझ्या हातात देऊन गच्चीवर गेले, ते बराच वेळ खाली आले नाहीत. पोरगा अजून तिकडेच आहे. त्याच्या शिक्षणाला साजेसं काम मिळालेलं नाही. एका बेकरीत पहाटेचं काम धरलंय, बाकी वेळ अर्ज करतो. परत यायचं की नाही ते ठरलं नाही, आणि मला घाई नाही. पोरगा आता हातचा जात नाही, एवढं मला पक्कं माहीत आहे. मी रोज विचारते. परवा वैतागून म्हणाला, "आई, काल जितका बरा होतो तितकाच आज आहे." मी म्हटलं, बरं, उद्या पुन्हा विचारीन.

तुमचं चुकलं असं म्हणायला मी हे लिहीत नाही. तुम्ही मला सायकलवर बसवून नेलं नसतं तर मी त्या खोलीतून बाहेर आले नसते, हे मी कुणाहीसमोर छातीठोकपणे सांगेन. हे पत्र कुठे पाठवायचं नाही, टपालात पडणार नाही, म्हणून समोर असतात तर बोलले नसते तेवढं एक लिहून थांबते. त्या दिवसांत तलावावर तुम्ही मला एकदा तरी विचारावं असं मला वाटत होतं. तुम्ही काडीकडे बघत होतात, आणि मी शेजारी उत्तर तयार ठेवून बसले होते.